बांधावरचा रोबो

लोणावळ्यात दुसऱ्यांच्या बंगल्यांचं गवत विळ्याने कापून मी सुरुवात केली. आज टाकवे बुद्रुकला माझा स्वतःचा बंगला आहे आणि शनिवार-रविवार तो पर्यटकांना भाड्याने जातो. गवताच्या बाबतीत मला कोणी शहाणपण शिकवू नये, असं माझं मत होतं. पण श्रावणात इथलं गवत बघता बघता गुडघ्याला लागतं, पेट्रोलच्या कटरने पाहुण्यांची झोप मोडते आणि चांगला गडी दोन महिन्यांत कारखान्यात लागतो. म्हणून गवत कापणारा रोबो विकणाऱ्याला पुण्याहून बोलावलं.

यंत्र परातीएवढं. किंमत ऐकून माझा पारा चढला. "एवढ्यात दुभती म्हैस येते, वर शेण देते," मी म्हणालो. तो हसला, पण खाली उतरला नाही. शेवटी मी अट घातली: आठ दिवस माझ्या गवतात चालवून बघणार, पटलं नाही तर परत. त्यानेही अट घातली: तुमच्या हातून बिघडलं, तर पूर्ण किमतीला घ्यायचं. मी शब्द दिला.

जाताना तो म्हणाला, "काका, जमिनीत ही तार पुरायची, रोबो तिच्या आतच फिरतो. फक्त कडेपासून हातभर आत पुरा. ओल्या मातीत चाक घसरतं."

हातभर! माझ्या डोक्यात तिडीक गेली. शेजारचं भातखाचर माझ्या थोरल्या चुलत भावाचं. त्यांना सगळे आबा म्हणतात. दरवर्षी नांगरताना आबा आमच्यामधला बांध कोरतात. सरकारी मोजणी आणली, दगड रोवले, तरी बांध माझ्याच बाजूला सरकतो. आठ वर्षं मी त्यांच्या अंगणात पाय ठेवलेला नव्हता. आणि आता मी आपणहून हातभर सोडायचं? तार मी स्वतः पुरली, थेट बांधाच्या माथ्यावर.

पुढचे दिवस मी ओसरीवर बसून नुसता बघत राहिलो. आवाज जवळजवळ नाही. पाऊस आला की ओसरीलगतच्या आपल्या छोट्या खोपटात, म्हणजे त्याच्या घरात जायचा, थांबला की बाहेर पडायचा. भूक लागली की स्वतःच जाऊन विजेला तोंड लावायचा. मालकाची पाठ वळल्यावरही तसंच काम करणारा गडी मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. आणि सगळ्यात कौतुक वाटलं ते तारेपाशी येऊन मागे फिरण्याचं. हे आमच्या भावकीत अजून कुणाला जमलेलं नाही.

सातव्या दिवशी वडगावला तहसीलच्या कामाला गेलो होतो. परत आलो तर रोबो त्याच्या घरात नाही, गवतातही नाही. बांधाची कड ढासळलेली. आबांच्या गोठ्यातून मात्र बारीक किंचाळल्यासारखा आवाज येत होता; तारेबाहेर गेलं की यंत्र असंच ओरडतं. दुसऱ्या दिवशी विक्रेता येणार होता. यंत्र बिघडलं असेल तर पूर्ण किंमत, तीही घासाघीस न करता. माझ्यासारख्याला याहून मोठी शिक्षा नाही. मुकाट्याने आबांच्या अंगणात शिरलो.

रोबो म्हशीशेजारी खुंट्याला दाव्याने बांधलेला.

"आबा, ह्ये काय?"

"तुजं जनावर माज्या भातात शिरलं व्हतं. गावात कोंडवाडा ऱ्हायला न्हाई, म्हनून हितं बांदलं."

"मशीन हाय ते!"

"म्हनून तर वैरन न्हाई टाकली."

आतून वहिनींचं हसू ऐकू आलं.

"तार कुटं पुरलीस?" आबांनी विचारलं. मी दाव्याची गाठ सोडायला वाकलो. "बांदावर ना? वल्या बांदावर बैल बी पाय टाकत न्हाई. ह्याच्यापरास तुलाच बांदाया पायजे."

मी भडकणारच होतो. पण खाली बघितलं तर चाकांचा चिखल ओल्या पोत्याने पुसलेला, पात्यांत अडकलेली भाताची पानं एकेक करून काढलेली. "आरडत व्हतं बिचारं," आबा म्हणाले. मी यंत्रावर कुलपाचे आकडे दाबून त्याचा भोंगा बंद केला, ते घरी आणून गवतावर ठेवलं. ते चालायला लागलं.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याने रोबो उलटा करून तपासला. मोडतोड काही नव्हती. तेवढ्यात आबा न बोलावता बांधावर येऊन उभे राहिले. बैलबाजारात घेणारा आपल्याबरोबर एक जाणता माणूस नेतो. जनावराला नावं ठेवणं हे त्याचं काम. आबांनी तेच सुरू केलं.

"चाकं बारीक हायती. चढाला दमतंय. पाऊस आला की घरात पळतंय. आमच्या बाया भर पावसात लावनी करत्यात."

"पण आबा, हा आपली हद्द कधी सोडत नाही," विक्रेता म्हणाला.

"न्हाई? काल माज्या भातात गेलतं की! ज्याला हद्द कळत न्हाई, त्याला एवढं पैसं?"

हे आबा म्हणाले. आबा! मी मान खाली घातली. रोबोची काही चूक नव्हती, तार मीच पुरली होती. पण सौदा रंगात आला असताना मधे बोलायचं नसतं. विक्रेता गडबडला आणि आठ दिवसांत मला जमलं नव्हतं तेवढा खाली आला. एवढा बारीक सौदा करणारा माणूस मी आठ वर्षं शेजारी ठेवून वाया घालवला होता.

रोबो घेतला. विक्रेता गेल्यावर तार उपटली आणि हातभर आत पुरायला बसलो. आबा तंबाखू मळत बघत होते.

"अजून वाईस आत घे," ते म्हणाले.

मी घेतली नाही.