कोथिंबिरीचा पाळणा

पेटंट मिळवायला डोकं लागतं आणि ढीगभर कागद लागतात, एवढं मला ठाऊक होतं. तोंड बंद ठेवावं लागतं, हे मात्र कुणी आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी त्या वाटेला गेलोच नसतो.

आंबीच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे, पंचवीस वर्षं. आमच्याकडे लोखंडी सुटे भाग रंगवायची एक लांबलचक लाइन आहे. भाग साखळीला टांगायचे, ते डुलत डुलत रंगातून जातात आणि भट्टीतून भाजून बाहेर येतात. मशीनवर पितळी पट्टी आहे. तिच्यावर परदेशातलं कुठलंसं नाव आणि खाली पेटंटचे आकडे. ती साखळी दर आठवड्याला चाकांवरून उडायची, ते मी थांबवलं. भाग एकमेकांवर आपटायचे, तेही मीच थांबवलं. साहेबांनी दोन्ही वेळा पाठ थोपटली. पण पाठीवर कुणी नाव कोरत नाही. तेव्हा जन्मात एकदा कुठल्यातरी सरकारी कागदावर ‘शोध लावणारा’ या शब्दांपुढे आपलं नाव यावं, एवढी एकच हाव धरून मी बसलो होतो.

बसलो होतो म्हणजे काय, बसवत नव्हतंच. घर बेडशाला, लेण्यांच्या खाली. मागे एक मोकळी खोली. पावसाळ्यात आमच्या मावळात कोथिंबीर टिकत नाही, चार दिवसांत सडून काळी पडते, आणि नेमकी तेव्हाच लोणावळ्याच्या हॉटेलांना ती पोत्यानं लागते. मी म्हटलं, खोलीतच पिकवू. कप्प्याकप्प्यांची मांडणी सगळेच करतात. मी मात्र रंगाच्या लाइनसारखे ट्रे साखळीला टांगले आणि साखळी उभी फिरवली, जत्रेतल्या पाळण्यासारखी. वरच्या ट्रेमध्ये छतावरच्या टाकीतून बारीक धार. ट्रे भरला की जड होतो आणि खाली येतो. तळाशी त्याचं पाणी निघून जातं, तो हलका होतो आणि दुसऱ्या बाजूनं वर चढतो. मोटर नाही, काही नाही. वीज फक्त जांभळ्या दिव्यांना. प्रत्येक ट्रेला दिवाही मिळतो आणि पाणीही. पाळणा पहिल्यांदा आपणहून फिरला तेव्हा मी खोलीत एकटाच टाळ्या वाजवल्या. बायको दारात येऊन म्हणाली, “आता भेळेची गाडी पण लावा.”

पुण्याला एक पेटंटचं काम करणारी मुलगी शोधली. वयानं माझ्या लेकीएवढी, पण बोलणं असं की समोरच्यानं सरळ बसावं. तिनं फोटो पाहिले, चार प्रश्न विचारले, डोळे चमकले तिचे. मग म्हणाली, “काका, ड्रॉइंग आणि मजकूर करायला मला तीन आठवडे लागतील. अर्ज दाखल होईपर्यंत हे कुणाला दाखवायचं नाही, सांगायचं नाही. एकदा लोकांत गेलं की ते नवीन राहत नाही. मग कुणाचंच पेटंट होत नाही, तुमचंसुद्धा.”

“घरच्यांना?”

“त्यांना माहीतच आहे. बाकी कुणालाही नाही.”

आता मी कसा माणूस आहे ते सांगतो. कामशेतच्या स्टँडवर मी भाजी आणायला गेलो तर भाजी विसरतो, कारण बोलण्यात स्टँडवरचे निम्मे लोक गुंततात. कुणाच्या घरी नवा कुकर आला तरी त्याची शिट्टी मी गावाला तोंडानं करून दाखवतो. अशा माणसाच्या घरात आपोआप फिरणारा पाळणा, आणि तीन आठवडे गप्प! पहिल्या आठवड्यात मी दोनदा चहाच्या टपरीपर्यंत गेलो आणि चहा न पिताच परतलो. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन लांब पाण्याच्या टाकीजवळ बसायला लागलो. सोबतचे म्हणाले, “घरी काय वाजलंय का?” मी मान हलवली. होकाराची की नकाराची, मलाच कळलं नाही.

आणि तोंड बंद ठेवलं तरी खिडकी कुठं बंद ठेवणार? दिवेलागणीला मागच्या खोलीतून जांभळा उजेड बाहेर पडायचा, थेट रस्त्यापर्यंत. मी गोणपाट लावलं. आता उजेड फटींतून यायला लागला, म्हणजे आणखीनच संशयास्पद. दुसऱ्या आठवड्यात पोलीस पाटील आले. गावात त्यांना सगळे आबाच म्हणतात. आबांनी पाणी घेतलं, तंबाखू मळली, आणि मळता मळता म्हणाले, “लोकं म्हणत्यात, तुज्या मागल्या खोलीत गांजा हाय.”

“आबा!”

“मी न्हाई म्हणत. लोकं म्हणत्यात. मी म्हनलं, त्यो येवढा बोलका गडी, गांजा लावला आस्ता तर पयलं मलाच सांगितलं आस्तं. पन तू तर दोन हप्ते बोललाच न्हाईस. मंग मला बी वाटाया लागलं.”

गप्प बसलो म्हणून गांजावाला ठरलो! आबांना आत नेलं. पाळणा त्यांच्यासमोर एक घर सरकला, आणि आबांनी चक्क हात जोडले. मी म्हटलं, “आबा, कुणाला सांगू नका.” आबा म्हणाले, “माजं काय न्हाई. पन लोकांचं तोंड कसं दाबनार? उद्या सांजच्याला देवळात समद्यांना बोलवू, भंडारा उचलायला लावू. भंडारा उचलला की आपल्या गावात कुनी तोंड उघडत न्हाई.”

मला ते एवढं पटलं की रात्रभर उजाडायची वाट पाहिली. हळद हातात घेऊन देवासमोर दिलेला शब्द! वकिलाच्या कराराहून भक्कम. आणि खरं सांगतो, मला आणखी एक लालूच होती. देवळात माणसं जमणार, म्हणजे कुणालातरी बोलावं लागणार.

चाळीसेक माणसं जमली. आबांनी भंडाऱ्याची वाटी फिरवली. एकेकानं चिमूट उचलली, कपाळाला लावली. मागून एक मावशी म्हणाली, “पन बाबा, काय न्हाई बोलायचं त्ये तर कळूद्या. न्हाईतर चुकून बोललो म्हंजी?”

प्रश्न रास्त होता. तुम्हीच सांगा, रास्त होता की नाही? काय सांगायचं नाही हे माणसाला ठाऊक नसेल तर तो ते न सांगता राहणार कसा? मी उभा राहिलो. देवळासमोरच्या पारावर चढलो. साखळी कशी, ट्रे कुठं, पाणी कुठून, वजन कसं, सगळं हातवाऱ्यांनी दाखवलं. खाली येणारा ट्रे व्हायला गुडघे वाकवले, वर चढणारा व्हायला टाचा उंचावल्या. माणसं हसत होती, माना डोलवत होती. तेवढ्यात पाळण्यावरून मला आमच्या जत्रेतला पाळणा आठवला, ज्याच्या वरच्या टोकाला त्या वेळचे सरपंच अडकले होते आणि वरूनच सगळ्यांना शिव्या घालत होते. ती गोष्ट सांगितली. ती संपली तोवर आरतीची वेळ झाली. मी घरी आलो तो दोन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून पुण्याला गेलो आणि त्या मुलीला आनंदानं सांगितलं, “गावाचा बंदोबस्त झाला.” आणि कसा झाला तेही सांगितलं.

तिनं पेन खाली ठेवलं. “काका, तुम्ही चाळीस लोकांना बोलावून सगळं समजावून सांगितलंत?”

“काय सांगायचं नाही ते कळावं म्हणून.”

“कुणी व्हिडिओ काढला?”

मी ठणकावून नाही म्हणणार होतो. पण शेजाऱ्याचा फोन वर धरलेला हात मला आठवला. तिथूनच त्याला स्पीकरवर फोन लावला. शेजारी माझा शाळेपासूनचा सोबती.

“काडला की. ग्रुपवर टाकला, स्टेटसला पन लावला. लय लोकांनी बगितला.”

“अरे, भंडारा उचललास ना तू!”

“मंग? मी कुटं बोललो? त्यात बोलतोयस तूच.”

त्या मुलीनं ऐकलं. रागावली नाही, हे जास्त वाईट. शांतपणे म्हणाली, “पाळणा गेला. त्यावर आता हक्क सांगता येणार नाही. मी अर्जात खोटं लिहिणार नाही, तुम्हीही मला तसं लिहायला सांगू नका.”

पंचवीस वर्षांतली एकुलती एक गोष्ट, आणि ती मी स्वतः, गुडघे वाकवून, वाटून टाकली होती. ती म्हणाली, “तो व्हिडिओ मागवा. मला सगळा बघायचाय.”

अकरा मिनिटांचा निघाला. तिनं तो वही घेऊन पाहिला, थांबवत, मागे नेत. मला मेल्याहून मेल्यासारखं. शेवटी ती सरपंचांच्या गोष्टीपाशी आली. “इथे ट्रे तळाशी पोचलाय. तुम्ही म्हणालात, मग पाणी निघून जातं. कसं जातं? तुम्ही एकदम जत्रेतच गेलात.”

“ते होय? तळाशी झडप आहे.” मी सांगू लागलो. पाणी एकदम सुटलं तर पाळणा हिसका खातो, ट्रे एकमेकांवर आपटतात, माती सांडते. तीन महिने मी त्यातच घालवले होते. मग कुकरची जुनी रबरी रिंग कापून आणि पेनातली स्प्रिंग घालून अशी झडप केली, की आधी पाणी थेंबथेंब सुटतं, ट्रे मार्गी लागला की मगच पूर्ण उघडते. “तिच्याशिवाय पाळणा चालतच नाही.”

“हे तुम्ही देवळात बोलला नाहीत.”

“सरपंच आडवे आले.”

“आबांना दाखवलं?”

“ती ट्रेच्या पोटाखाली असते. दिसत नाही.”

ती पहिल्यांदा हसली. “मग आपण झडपेचा अर्ज करू. शुक्रवारी दाखल करते. आणि काका, आज सोमवार आहे.”

तो आठवडा मी पायांवर काढला. घरात बसलो की गावातलं कुणीतरी येऊन काहीतरी विचारायचं आणि उत्तराच्या शेपटाला झडप यायची. म्हणून कामावरून आलो की लेण्यांच्या पायऱ्या चढायचो, उतरायचो, पुन्हा चढायचो. वर आलेल्या पाहुण्यांना वाटलं नवस आहे.

गुरुवारी संध्याकाळी शेजारी आला. त्यानं व्हिडिओ बघून सायकलच्या चाकांवर स्वतःचा पाळणा केला होता. मी बघायला गेलो. झकास केला होता लेकानं. पण वरचा ट्रे भरून खाली आला, फडदिशी रिकामा झाला, आणि अख्ख्या पाळण्यानं असा हिसका दिला की वाफ्यातून आणून लावलेली कोवळी कोथिंबीर मातीसकट भिंतीवर. त्याची बायको झाडू घेऊन उभीच होती. तिचं दिवसातलं हे तिसरं झाडणं.

“असं का हुतंय रं?” तो म्हणाला.

माझ्या जिभेवर आलं होतं. नुसतं आलं नव्हतं, दातांवर धडका मारत होतं. दोन मिनिटांचं काम, खिशात पेन, पेनात स्प्रिंग. मी म्हणालो, “माहीत नाही.”

फिटर माणसानं मशीनसमोर उभं राहून हे शब्द म्हणायचे! माझ्या तोंडून ते कधी निघाले नव्हते.

“म्हाईत न्हाई?” शेजाऱ्यानं बायकोकडे पाहिलं. “म्हंजी ह्याला बी जमल्यालं न्हाई. आन् देवळात नाचून आला!” शुक्रवारी सकाळी टपरीवर मी दिसलो की लोक गुडघे वाकवून दाखवत होते. आबासुद्धा गालात हसले.

मला ऐकवेना. रजाच टाकली होती, कामशेतहून पुण्याची लोकल धरली. त्या मुलीच्या ऑफिसात माझं काही काम नव्हतं, पण घरात राहणं शक्यच नव्हतं. बेगडेवाडीला गाडी थांबली आणि फोन वाजला. “झालं दाखल, काका. तुमचं नाव आहे, शोध लावणारा म्हणून. मिळेल की नाही हे पुढे तपासणीत ठरेल, वेळ लागेल. पण आता बोला काय बोलायचं ते.”

मी तिथेच उतरलो. समोरच्या फलाटावर जाऊन उलटी गाडी पकडली. घरी गेलोच नाही, सरळ शेजाऱ्याच्या दारात. कुकरची रिंग मागितली. त्याच्या बायकोनं जुनी दिली आणि “नवीला हात लावू नका” असंही बजावलं. एका ट्रेला झडप बसवली. ट्रे भरला, खाली आला, थेंब थेंब सुटू लागला, आणि मग सावकाश, एखादी म्हैस उठावी तसा, दुसऱ्या बाजूनं वर निघाला. माती जागच्या जागी.

शेजाऱ्यानं वाकून ट्रेखालची झडप बघितली. मग माझ्याकडे वळला. “कालच का न्हाई सांगितलंस?”

“काल मला माहीत नव्हतं,” मी म्हणालो, आणि दुसरा ट्रे हातात घेतला.