माळवदावरचा जोंधळा

आमच्या बंगल्याच्या छपरावर एके वर्षी जोंधळ्याचे पीक आले. पीक उत्तम होते. ताटे उंच, कणसे टपोरी, दाणा पांढराशुभ्र. बंगल्यामागच्या आमच्या रानात मात्र त्या वर्षी काडीसुद्धा उगवली नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. आठ वर्षे मी ते कुणाला सांगितले नाही. (मी मितभाषी आहे असे लोक समजतात. मी भित्रा आहे.)

'बंगला' हा शब्द माझा. गाव त्याला 'मास्तरचं पडकं' म्हणे.

मी सोलापुरात एका शाळेत भूगोल शिकवतो. त्या काळी आमच्याकडच्या डॉक्टरांना एक नवे औषध सापडले होते: हवापालट! खोकला झाला, हवापालट. अन्न पचेना, हवापालट. ज्यांच्याजवळ पैसा होता ते महाबळेश्वरला जात. पण जे नुसतेच आजारी होते त्यांनी कुठे जावे? या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी मंगळवेढ्याच्या रस्त्याला, शहरापासून तीन कोसांवर, एक घर विकत घेतले. ते नीटनेटके करायचे आणि हवापालटाला येणाऱ्यांना भाड्याने द्यायचे. दोन खोल्या, ओसरी, विहीर, आणि मागे काळ्याभोर रानाचा लांब पट्टा. भिंती उभ्या होत्या. छप्पर बसले होते.

"इथं कोण येणार हवा खायला?" सौभाग्यवतींनी टांग्यातून न उतरताच विचारले.

"अगं, इथं हवाच हवा आहे!"

"तेच म्हणते मी. दुसरं काही दिसत नाही."

पण मला जे दिसत होते ते तिला दिसत नव्हते. चुन्याने पांढऱ्या झालेल्या भिंती, ओसरीवर आरामखुर्ची, दारावर 'आरोग्यभुवन' अशी पाटी. पाटी मी आधी रंगवली. (घर नंतर.) आजही ती पाहिली की माझी मान दोन बोटे वर जाते.

छपरासाठी मल्लाप्पा गवंडी मिळाला. त्याच गावचा. उंच, सावळा, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. घरात कानडी बोले, बाहेर मराठी, आणि भिंत तिरकी गेली की दोन्ही एकदम. आमच्याकडचे घर म्हणजे माळवदाचे, मातीच्या सपाट छपराचे. खाली तुळया, त्यावर लाकडाच्या फळकुटांचा थर, त्यावर पाला, आणि वर वीतभर माती ठोकून बसवायची. मल्लाप्पाने तुळया बसवल्या, लाकूड अंथरले, पाला पसरला आणि हात झटकून म्हणाला, "मास्तर, आता पांढरी माती पायजे. गावठाणातली जुनी. ती पानी आत घेत न्हाय. पाटलाला इचारून आनावी लागंल. मी लेकीला बाळंतपनाला आनाया अक्कलकोटाकडं जातोय. आठ दिसांत येतो. तवर कशाला बी हात लावू नगा."

"नाही लावत."

"मातीला तर बिलकूल नगा."

आता, ही आठ दिवसांची रजा नेमकी घटस्थापनेच्या तोंडावर! आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझे पहिले बिऱ्हाड येणार होते. निवृत्त मुन्सफसाहेब, पत्नीसह, संक्रांतीपर्यंत. एक मुन्सफ टिकला तर त्याच्या मागून चार वकील येतील, हा माझा हिशेब. मी बोडक्या माळवदाकडे पाहिले. मग मागच्या रानाकडे पाहिले. ते काय सुरेख भुसभुशीत दिसत होते! काळी माती! जिच्यावर मी दर साली पाचवीच्या वर्गापुढे पाऊण तास बोलतो! 'मुलांनो, ही सर्वांत उत्तम माती. ही पाणी धरून ठेवते.' जी पिकाला उत्तम ती छपराला वाईट कशी असेल? पांढरी माती ती काय, पडक्या भिंतींची धूळ! अडाणी गवंडी, जुन्या समजुती...

(पाणी धरून ठेवते. हे वाक्य मी बोलत होतो, आणि ते मला ऐकू येत नव्हते.)

शेजारच्या गावचे दोन गाडीवाले बोलावले. दोन दिवसांत रानाचा वरचा थर खरवडून माळवदावर चढला. मी स्वतः धुम्मस घेऊन ठोकला. हाताला फोड आले, ते महिनाभर मी वर्गात मुलांना दिसतील असे खडू धरत होतो.

एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. ते रान आमचा वाटेकरी बिरू धनगर याने आदल्याच दिवशी पेरले होते, आणि पेरून तो मेंढरे घेऊन लांब चरणीला गेला होता. भुसभुशीत का दिसत होते, ते आता आपल्याला कळले असेल. मला दसऱ्याला कळले.

हस्ताचा पाऊस झाला. दसऱ्याच्या दिवशी आम्ही दोघे घर लावायला गेलो. सौभाग्यवती बाहेरच्या दगडी पायऱ्यांवरून माळवदावर चढल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अहो! आपल्या घरच्या घटातलं धान्य बोटभर आहे, इथलं चांगलं वीतभर आलंय!"

मी वर गेलो. हिरव्यागार ओळी वाऱ्यावर डुलत होत्या. मी उपटायला वाकलो, तोच मागून सणाला परतलेल्या बिरूचा आवाज आला. "ए मास्तर! काय करतायसा? उभं पीक उपटायचं? लक्ष्मी हाय ती!"

"अरे, पण छपरावर?"

"तिला वाटलं तितं ती आली. तुमी-आमी कोन ईचारनार?" मग तो रानाकडे वळला, आणि त्याचे तोंड उघडेच राहिले. "आनि माझं रान कुनी खरवाडलं?"

मी म्हणालो, "चौकशी करतो."

मुन्सफसाहेब आले. पाटी वाचून प्रसन्न झाले. माळवदावरचे हिरवे पाहून म्हणाले, "वा! छपराला गारव्यासाठी केलंत वाटतं? कल्पक आहात." मी नम्रपणे मान लववली. त्या मानेला तेव्हाच काही झाले असते तर बरे झाले असते. चित्रा नक्षत्राच्या पावसात त्यांच्या धोतरावर काळे थेंब पडले. ते म्हणाले, "दौत कुणी सांडली?" त्याचीही मी चौकशी करतो म्हणालो.

कार्तिकातल्या एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. मुन्सफसाहेब पाटावर बसले होते, वरणभातावर तूप पडत होते, आणि वर काहीतरी कडकड वाजले. ढेकळे पडली. मग मुन्सफसाहेबांच्या बरोबर डोक्यावर छपरातून एक पाय खाली आला. काळा, केसाळ, खुराचा.

"अगंबाई!" मुन्सफीणबाई किंचाळल्या. "हा कुणाचा पाय?"

पायाने वरणाच्या वाटीला लाथ मारून आपली ओळख दिली. बिरूची शेळी होती. जोंधळ्याच्या वासाने पायऱ्या चढून आली होती. भिजून जड झालेल्या मातीखाली फळकुटे मोडायला आली होती. बिरू वरून शिंगे धरून ओढत होता, मी खालून खूर धरून ढकलत होतो, आणि शेळी दोघांनाही दाद देत नव्हती.

मुन्सफसाहेबांनी हात धुतले, पागोटे घातले, आरामखुर्ची अंगणात मागवली. निवृत्तीनंतर इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर कुणी पाहिला नसेल! "गवंड्याला बोलवा," ते म्हणाले.

मल्लाप्पा आला. त्याची आठ दिवसांची रजा महिन्यावर गेली होती, आदल्याच रात्री तो गावी परतला होता. वरची माती चिमटीत घेऊन पाहिली, बिरूच्या रानाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. अंगणाच्या कडेला गावातली दहा-बारा माणसे जमली होती.

"रानातली माती छपरावर कुणी घातली?"

"मी न्हाय, सायेब. म्या पांढरीच सांगितली व्हती."

"मग ही आपण होऊन चढली?"

"मी लेकीला आनाया गेल्तो. मी हितं नव्हतोच. मास्तरास्नी ईचारा की. त्यास्नी समदं ठावं हाय."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मुन्सफसाहेब, बिरू, मुन्सफीणबाई, शेळीसुद्धा.

वाचकहो, मला जगातल्या मोठ्या नद्यांची लांबी तोंडपाठ आहे. मी म्हणालो, "मला... नक्की आठवत नाही."

मल्लाप्पा नुसते "शिवा शिवा" म्हणाला, तेही हळू. मुन्सफसाहेबांनी निकाल दिला: गवंड्याची हलगर्जी, पीक निघाल्यावर त्याने माळवद स्वतः पुन्हा करून द्यावे. गावातल्या मठाचे माळवद त्या वर्षी नवे घालायचे होते, आणि ते काम मल्लाप्पाच्या आज्याने केले, बापाने केले, म्हणून त्यालाच मिळणार होते. निकालानंतर मठाच्या पंचांनी ते परगावच्या गवंड्याला दिले. "जोंधळ्याचा गवंडी" असे नाव पडले त्याला. पोरे रस्त्यात म्हणत, "मल्लूकाका, औंदा तूर पेरा की!"

आणि माझे काय झाले? पौषात जोंधळा हुरड्याला आला. बिरूने माळवदावरच आगटी पेटवू का विचारले. (अंगणात पेटवली.) कोवळी कणसे भाजली, हातावर चोळली, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर मुन्सफसाहेबांनी इतका हुरडा खाल्ला की त्यांचे अपचन घाबरून पळून गेले! संक्रांतीला जाताना त्यांनी मला स्वहस्ते पत्र लिहून दिले. ते मी काचेत बसवून ओसरीवर लावले. चार नव्हे, दहा वकील आले. प्रत्येकाला मी पत्र दाखवी आणि छपरावरच्या शेताची कल्पना मला कशी सुचली ते सांगे. सांगता सांगता मला ती खरोखरच सुचली होती असे वाटू लागले. मल्लाप्पाने पांढऱ्या मातीने माळवद नवे केले, ते आजवर गळलेले नाही. त्याची प्रशंसाही मीच स्वीकारत असे.

आठव्या वर्षी, चैत्रात, मल्लाप्पा ओसरीवर येऊन उभा राहिला. केस पांढरे झालेले. सौभाग्यवतींनी चहा दिला.

"मास्तर, ह्या काचंत माझं बी नाव हाय म्हनत्यात. मला वाचाय येत न्हाय. जरा वाचून दावा की."

"आता? चष्मा..."

"नाकावर हाय," सौभाग्यवती म्हणाल्या.

मी वाचू लागलो. "'मालकांची कल्पकता व रसिकता वाखाणण्याजोगी आहे. छपरावरील हुरडा अविस्मरणीय. मात्र मल्लाप्पा गवंडी याच्या... याच्या...'"

"याच्या?"

"'...याच्या बेजबाबदार कामामुळे शेळीचा पाय वरणात पडला.'"

मल्लाप्पाने चहाची बशी खाली ठेवली. "लई शुद्ध भाषा हाय," तो म्हणाला. मग पायताण घालता घालता, "मठाचं माळवद परगावच्या गवंड्यानं पार घालवलं. गळतंय. आता पंच पुन्यांदा गवंडी बघत्यात. सोमवारी बसनारायत. काय न्हाय, तुमास्नी सांगितलं आपलं." आणि तो गेला.

मी खांबाला टेकून बसलो. सौभाग्यवती म्हणाल्या, "माती तुम्हीच घातली होतीत ना?"

"तुला कधी कळलं?"

"आठवत नाही म्हणालात तेव्हाच. आपल्या लग्नात माझ्या मामांनी किती लाडू खाल्ले ते आठवतं तुम्हाला!"

सोमवारी कोट, पगडी, उपरणे असा मी मठात गेलो. कबुलीजबाबाचे भाषण पाठ केले होते. त्यात 'सत्य' हा शब्द सात वेळा होता. उभा राहिलो आणि सगळे विसरलो. (या खेपेस खरेच आठवेना.) एवढेच म्हणालो, "काळी माती मी घातली. मल्लाप्पा इथं नव्हता. त्यानं नको म्हणून सांगितलं होतं. मी खोटं बोललो."

मल्लाप्पा खांबामागे उभा होता, खाली पाहत. थोरल्या पाटलांनी विचारले, "मास्तर, तुमी साळंत काय शिकिवता?"

"भूगोल."

"म्हंजी जमीन, माती, पाऊसपानी, ह्येच की?"

"होय."

त्यानंतर मठात जे हसू उसळले ते थांबेपर्यंत मी उभाच होतो. सर्वांत आधी हसला तो मल्लाप्पा. आठ वर्षांत मी त्याला हसताना पाहिले नव्हते. काम त्याला मिळाले.

मुन्सफसाहेबांनाही मी सगळे कळवले. त्यांचे उत्तर आले: 'अपिलाची मुदत संपली आहे. हुरड्याचे काय?' त्यांचे पत्र अजून भिंतीवर आहे. खाली मी लाल शाईने लिहिले आहे: 'गवंडी निर्दोष. माती मालकाची.' पाहुणे आता तेच आधी वाचतात.

वैशाखात मठाचे माळवद घालायला सारे गाव जमले. मीही धोतर खोचून, पांढऱ्या मातीची पाटी डोक्यावर घेऊन शिडीकडे निघालो. वरून मल्लाप्पा ओरडला, "मास्तर! पाटी खाली! तुमी तितंच उभं ऱ्हावा, लांब!"

मी लांब उभा राहिलो. पाऊस येऊन गेला. मठात थेंब गळला नाही, वर काडी उगवली नाही. हवापालटाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी आता मुद्दाम तिकडे घेऊन जातो, बोट वर करतो आणि छाती पुढे काढून सांगतो, "ते माळवद पाहा! त्याला माझा हात लागलेला नाही!"