जयवंताबाईंचा उलटा हात

नागपुरात जरीपटका वस्तीच्या मागच्या गल्लीत धम्मानंदचं वेल्डिंगचं दुकान आहे. ग्रील, फाटकं, जिन्याचे कठडे, टाकीचे स्टँड. लोक सांगतील ते तो करून देई. उरलेल्या भंगारातून मात्र स्वतःचं काहीतरी करत बसे. सायकलच्या चेनीचा सरडा, नांगराच्या फाळांचा बगळा. पन्नाशी जवळ येईपर्यंत असल्या कामासाठी त्याला कुणी विचारलं नाही. मग वस्तीतल्या नव्या बागेत एक मोठं शिल्प बसवायचं ठरलं आणि बगळा पाहिलेल्या कुणीतरी त्याचं नाव सुचवलं. काय करायचं ते त्याच्यावरच सोपवलं होतं. त्याने आपली माय करायला घेतली.

माय, म्हणजे जयवंताबाई, भिवापूरला मिरचीच्या सातऱ्यावर तीस वर्षं कामाला होत्या. लाल मिरच्या पसरलेल्या त्या आवारात बाया दिवसभर देठ खुडत बसायच्या. संध्याकाळी तळहात असे पेटायचे की घरी आल्यावर आधी ताक भरलेल्या गंजात बुडवून ठेवावे लागत. तिखट साबणाने जात नाही, नखांच्या फटीत राहतं. म्हणून सातऱ्यावरच्या बाया लेकरांना तळहाताने शिवतच नसत. डोळे पुसायचे, ताप पाहायचा, लाड करायचा, सगळं हाताच्या पाठीने. धम्मानंदच्या गालाला मायचा हात माहीत होता तो एवढाच, गाठाळ बोटांची उलटी बाजू. सातरा सुटून पंधरा वर्षं झाली होती. तिखट केव्हाच गेलं, पण जयवंताबाईंची सवय गेली नाही.

तसाच हात त्याने केला. स्टीलच्या पट्ट्या जोडून बारा फुटांची बसलेली बाई, मांडीवर मिरच्यांनी भरलेलं सूप. समोर जमिनीलगत बसवलेल्या लोखंडी पाटीवर कुणी उभं राहिलं की तिचा उजवा हात हळूच खाली यायचा आणि गालापासून बोटभर अंतरावर थांबायचा, हाताची पाठ गालाकडे करून. समोरच्याची उंची ओळखून हात कुठे थांबवायचा, ती करामत चिन्मयीची. वस्तीतली ती इंजिनिअरिंग शिकलेली पोरगी तीन महिने त्या सेन्सर-मोटरमागे खपत होती.

"काका, लहान लेकरांसाठी ती जास्त वाकते, मोठ्यांसाठी कमी. म्हाताऱ्यांचं काय करू?"

"म्हाताऱ्याइसाठी बी वाकू दे वं. त्याइच्या गालाले आता कोण हात लावते?"

उद्घाटनाला आठ दिवस असताना बागेच्या समितीचे अध्यक्ष महादेवराव चारपाच मंडळींना घेऊन पाहायला आले. ऐटीत पाटीवर चढले. हात खाली आला तसे दचकून मागे सरले.

"अरे, हे तं मले झापड मारून राहिली ना!"

मंडळी खो खो हसली.

"धम्मानंदभाऊ, बाई आशीर्वाद देणार का मुस्काटात हाणणार? सुलटा करा गा तो हात."

धम्मानंदच्या ओठाशी एक वाक्य आलं. एकच सांगायचं होतं. पण मायचे हात पेटायचे, ती मला तळहात लावत नव्हती, हे त्या हसणाऱ्या माणसांपुढे कसं बोलायचं? चिन्मयीला त्याने सगळं सांगितलं होतं. ती कुजबुजली, "काका, सांगा ना त्यांना."

"करतो," धम्मानंद म्हणाला. तिला नव्हे, महादेवरावांना.

दुसऱ्या दिवशी त्याने ग्राइंडरने मनगट कापलं, हात फिरवला, पुन्हा वेल्ड केला. सांधा घासून असा चकचकीत केला की कुठे कापलं ते कुणाला दिसू नये.

उद्घाटनाच्या दिवशी जयवंताबाईंना त्याने ऑटोतून आणलं. काय पाहायचं आहे ते मुद्दाम सांगितलं नव्हतं. धुतलेलं पांढरं लुगडं नेसून, मोतीबिंदूचे डोळे बारीक करत त्या पाटीवर चढल्या. शेजारी पाटीवरच कुणाचीशी चारेक वर्षांची पोरगी उड्या मारत होती. स्टीलचा हात खाली आला, तळवा उघडा, सरळ पोरीच्या तोंडाकडे.

जयवंताबाईंनी पोरीला झटक्यात मागे ओढलं. "हात उलटा कर वं बाई! लेकराच्या डोयात जाईन ना!"

लोक हसले. महादेवरावही हसले. जयवंताबाई वर, त्या मोठ्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"धम्मा, कोण होय हे?"

तूच होय माय, असं म्हणायचं त्याने महिनोन्‌महिने घोकलं होतं. "कोणी नाही," तो म्हणाला. "बाई आहे एक."

"सातऱ्यावरची नोहे. तिथच्या बाईले एवढं समजते."

पुढे एकदा त्याने समितीकडे जाऊन विचारलं, हात पुन्हा उलटा करू का. "आता लोकं फोटो काढून राहिले, काहून हात लावता?" महादेवराव म्हणाले. त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात जयवंताबाई गेल्या. अंघोळ घालायच्या आधी बायांनी त्याला क्षणभर आत बोलावलं. त्याने मायचा हात उचलला, उलटा केला आणि तळवा आपल्या गालाला लावला. पन्नाशीला टेकलेला माणूस. मायचा तळवा त्याला पहिल्यांदा लागत होता. खरखरीत होता. थंड होता. थोडा भाजला असता तर बरं, असं त्याला वाटलं.

दर सोमवारी तो बागेत जाऊन खांद्याच्या बेअरिंगला तेल घालतो. मग हात नीट चालतो की नाही ते पाहायला पाटीवर कुणाला तरी उभं राहावं लागतं. तोच राहतो. तळवा खाली येतो. गालापाशी पोचायच्या आत धम्मानंद आपला हात वर करून त्या तळव्याला हाताची पाठ लावतो आणि उतरतो.

यंदा मनगटाच्या सांध्यावर गंजाची तांबडी रेघ उमटली आहे. बाकी सगळं अंग तो पुसून लखलखीत ठेवतो. तेवढी रेघ घासत नाही.