केराबाईचा साधा आवाज

बिरुदेव हॉटेलात शिरला की चनबसप्पा गल्ल्यावरून हाळी द्यायचा, "एक चहा... चहा... चहा!" आणि बाकड्यावरची मंडळी खिदळायची. विनोद इतका जुना झाला होता की बिरुदेवला स्वतःला तो ऐकूही येत नसे. एखादं नवखं गिऱ्हाईक मात्र गोंधळून बघायचं, आणि चनबसप्पाला नेमकं तेच हवं असायचं.

"अवो, ह्यो कोण हाय ठावं हाय का? एकोवाला बिरुदेव! सर्कस आली की रिक्षातनं आरोळी फिरायची ना, 'हत्ती बघा... बघा... बघा', ती ह्याच्या खोलीत तयार व्हायची. नाटकातला राक्षस ह्याच्याकडनं हसून जायचा. मेलेला बाप पोराला दर्शन द्यायला यायचा तो बी आधी ह्याच्याकडं येऊन जायचा. बिनएकोचा मेलेला बाप लोकांनी स्टेजवरनं हाकलला असता!"

ह्यातलं निम्मं खरं आणि निम्मं चनबसप्पाचं. पण निम्मं तरी खरं होतंच.

बिरुदेव मूळचा वळसंगचा. घरी मेंढरं आणि कोरडवाहू जमीन. थोरला भाऊ मेंढरांमागे गेला आणि हा सोलापुरात येऊन रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसला. तिथून कर्णे लावायला शिकला आणि एका जत्रेत कर्णे लावता लावता लग्नही जमवून आला. मोहोळकडच्या बाया बिरोबाच्या ओव्या म्हणायला बसल्या होत्या. त्या दिवशी बाकीच्या साऱ्या बायांचा आवाज कर्ण्यातून बारीक येत होता आणि एकीचाच खणखणीत. लोक म्हणाले, पोरीचा गळाच तसा. लग्नाच्या मांडवात नवरदेव बघितल्यावर मग लोकांना कळलं की गळ्याबरोबर बटणंही कुणीतरी पिळत होतं. ती केराबाई.

बिरुदेवची खोली यंत्रमागांच्या गल्लीत, माडीवर. खोलीत एक टेबल आणि टेबलावर शेजारी शेजारी दोन स्पूलचे टेपरेकॉर्डर, पेटीएवढाले. जगात सगळीकडे एका मशीनवर एक स्पूल चालते. ह्याच्याकडे एकच फीत दोन्ही मशिनांतून धावायची. भरलेलं चाक डाव्या मशीनवर, रिकामं चाक उजव्या मशीनवर, आणि मध्ये फीत दोरीवर वाळत घातल्यासारखी हवेत. माईकमधला आवाज डावं मशीन फितीवर लिहायचं, उजवं मशीन तो वाचायचं. फितीला इकडून तिकडे जायला जेवढा वेळ लागे, तेवढ्या उशिरानं शब्द पुन्हा ऐकू येई. वाचलेला शब्द तारेतून परत डाव्याकडे, तिथून परत उजव्याकडे, असा विरत विरत फिरत राही. मशिनं जवळ ओढली की माणूस मोठ्या दालनात बोलतोय असं वाटे, लांब सरकवली की डोंगरात.

डाव्या मशीनला मात्र एक खोड असते. नवं लिहायच्या आधी ते फितीवरचं जुनं पुसून टाकतं. आणि एकोसाठी ते सतत लिहीतच राहिलं पाहिजे. त्याच्या लिहायच्या बटणाची कळ मोडली, तेव्हा बिरुदेवनं ते बटण खाली दाबून मागाच्या सुतानं करकचून बांधून टाकलं. तसंच ते कायमचं राहिलं.

केराबाईच्या ओव्या ह्या टेबलापुढे भरल्या जायच्या. शेजारचे माग बंद असले की तो दार लावून घेई, तिला माईकपुढे बसवी आणि मशिनं चांगली लांब सरकवी. गाऊन झालं की तो तिला ऐकवायचा आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. तिचं तोंड मात्र वाकडं.

"माळावर मेंढराला हाळी दिली की आवाज जातो. गेला त्यो गेला. ह्यो माघारी कशापायी येतो वो?"

"अगं, त्यातच तर मज्जा हाय."

"तुमची मज्जा. मला मी कुटं ऐकू येतिया? एक डाव साधं भरा की."

"भरू की. फुडल्या डावाला."

पुढल्या डावाला नव्या ओव्या, नवा एको. त्या मशिनांतून जे फितीवर उतरे ते एकोसकटच उतरे. दुधातून पाणी काढावं तसा तो नंतर काढता येत नाही. बिरुदेवला ते ठाऊक होतं. पण बायको रोज समोर असताना तिचा साधा आवाज साठवून ठेवावा असं कुणाला सुचतं?

शिवाय तो कामाचा पक्का. गाण्याच्या आधी ती काही ना काही बोलायचीच, 'लागलं का वो?', 'पाणी द्या आदी', 'त्या चनबसप्पाला सांगा, दाराशी कान लावू नगं म्हणावं'. ते सगळं तो ब्लेडनं कापून टाकायचा आणि फितीला स्वच्छ सुरुवात करून द्यायचा. कापलेले तुकडे, बिघडलेल्या फिती सगळं गोळा करून तो वळसंगला नेई. भावजय रंभाबाई त्या फिती ज्वारीत काठ्यांना ताणून बांधायची. वाऱ्यानं त्या गुणगुणायच्या आणि पाखरं बुजायची.

"बरं हाय," केराबाई म्हणायची, "मी हितं गाते आन् माजी बडबड तितं पाखरं हाकती."

लेक पूनम पाळण्यात होती तेव्हा केराबाईला कावीळ झाली. आधी अंगावर काढली, मग झाडपाल्याचं औषध, मग दवाखाना. तोवर उशीर झाला होता.

बिरुदेवनं दुसरं लग्न केलं नाही. गल्लीनं चार वर्षं स्थळं सुचवली, मग गल्लीच कंटाळली. पूनमला त्यानं वाढवलं आणि सणासुदीला तिला आईच्या ओव्या ऐकवल्या. त्याला वाटायचं, पोरीला आई ऐकवतोय. पोरगी मात्र घाबरून त्याला बिलगायची. तिची पक्की समजूत होती की आई विहिरीत पडली आहे आणि तिथूनच गाते आहे. रंभाबाईकडे गेली तरी ती शेतातल्या विहिरीच्या बाजूला फिरकायची नाही. हे बिरुदेवला तिनं मोठी झाल्यावर, हसत हसत सांगितलं. तो हसला नव्हता.

आता पूनम शाळेत शिकवते, जुळे सोलापुरात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहते आणि स्कूटीवरून बापाला डबा आणून देते. एकोचा धंदा कधीच बसला. हल्ली मोबाईलवर बोट फिरवलं की हवा तेवढा एको मिळतो. मशिनं मात्र टेबलावर होती. आलागेला कुणी 'काय हो हे?' म्हणाला की बिरुदेव फीत ओवून दाखवायचा. मग त्या माणसाची तासभर सुटका नसे.

एके दिवशी डबा ठेवता ठेवता पूनम म्हणाली, "आण्णा, मी आईसारखी बोलते?"

"कोण म्हनलं?"

"रंभाकाकू. परवा लग्नात भेटली. म्हणाली, पाठमोरी ऐकली की केराच वाटतीस. खरं का?"

बिरुदेवनं हो म्हणायला तोंड उघडलं आणि तसाच थांबला. त्यानं कानात केराबाईला शोधलं. तिथे विहिरीतली बाई होती. इतकी वर्षं तेच ऐकून ऐकून खाली दुसरं काही उरलंच नव्हतं.

"आण्णा?"

"बगतो," तो म्हणाला. काय बघणार होता ते त्यालाही माहीत नव्हतं.

"तिचं नुसतं बोलणं नाहीच का कुठं? एखादंच वाक्य. मला फक्त ऐकायचंय हो, माणसासारखी बोलताना."

त्या प्रश्नानं त्याची झोप उडाली, आणि मग आपसूक त्याला उत्तर सुचलं. एको उशिरा येतो! पहिला शब्द फिरून येईपर्यंत जे बोललं जातं ते अगदी साधं असतं. म्हणजे प्रत्येक फितीच्या अगदी सुरुवातीला केराबाई जशी होती तशी असणार! तो ताडकन उठून फितींच्या खोक्याकडे गेला आणि मग त्याला ब्लेड आठवलं.

दुसऱ्या दिवशी तो वळसंगच्या एसटीत बसला.

"आगं बया, त्या फिती?" रंभाबाई तोंडाला पदर लावून हसली. "भावजी, त्या कवाच उडून गेल्या. आन् पाखरं बी आता शानी झाल्याती, फितीवर बसून झोकं घेत्यात."

"एक बी न्हाय का वैनी?"

त्याचा चेहरा बघून तिनं हसू आवरलं. माळ्यावर चढून खडबड केली आणि गंजका पत्र्याचा डबा काढून आणला. "ही तेवढी चाकासकट हुती. चाक बरं हाय म्हणून ठिवली."

बिरुदेवनं ती ओळखली. ती बिघडलेली फीत होती. ओवी सुरू व्हायच्या आधीच पाळण्यातली पूनम रडायला लागली होती, म्हणून त्यानं ती न कापता तशीच बाजूला टाकली होती. केराबाईची ती शेवटची.

घरी येऊन त्यानं दोन्ही चाकं उजव्या मशीनवर चढवली, जे नुसतं वाचतं त्यावर. खटका फिरवला. आधी खरखर. मग त्याच्या शेजारी बसल्यासारखी केराबाई म्हणाली, "अवो, हळू बोला. पोरगी आत्ता कुटं डोळा लावतिया."

एवढंच. मग बाळाचं रडणं, आणि रडण्यावर एको चढला.

त्यानं मशीन बंद केलं आणि फीत मागं गुंडाळली. पुन्हा ऐकली नाही. जुनी फीत मशीनच्या वाचणाऱ्या हेडवर घासली की तिची तपकिरी भुकटी गळते. एखाद्या खेपेला सगळाच आवाज गळून पडायचा. उरलेलं पोरीसाठी ठेवावं. त्यानं पूनमला फोन केला, "रविवारी ये. आई घावली."

रविवारी पूनम आली. सोबत चहाची किटली घेऊन चनबसप्पाही आला, कारण बातमी त्याच्यापासून लपणं शक्य नव्हतं.

"केरावहिनी काय म्हणत्यात ते मला बी ऐकायचंय," तो म्हणाला. "तुझी चुगलीच असणार! पोरीदेखत ऐक आता, इलाज नाही."

"गप रे," बिरुदेव म्हणाला, पण त्यालाही हसू फुटत होतं. सकाळीच त्यानं टेबल पुसलं होतं. दोन्ही मशिनांची हेडं स्पिरिटच्या बोळ्यानं साफ केली होती. माईकवरची धूळसुद्धा झटकली होती. पूनमनं मोबाईल स्पीकरजवळ धरून रेकॉर्डिंग चालू केलं. बिरुदेवच्या हातांनी चाक उचललं. माणसं समोर बसली, सगळे टेबलाकडे बघू लागले की त्याचे हात जन्मभर जे करत आले होते, तेच त्यांनी आताही केलं. चाक डावीकडे, फीत डाव्या हेडवरून, हवेतून, उजव्या हेडवर. तो मात्र पूनमच्या चेहऱ्याकडे बघत होता.

खटका फिरला. चाकं फिरू लागली.

"ऐक हं, पोरी," तो म्हणाला.

स्पीकरमधून आवाज आला, "ऐक हं, पोरी."

"अरे, हा तर तूच!" चनबसप्पा हसला, आणि लगोलग स्पीकरमधूनही हसला.

"ऐक हं... हा तर तूच... ऐक..."

"आई कधी येते?" पूनमनं कुजबुजत विचारलं. स्पीकरनंही विचारलं, आई कधी येते. मग जरा हलकेच पुन्हा, आई कधी येते.

बिरुदेवची नजर डाव्या मशीनच्या बटणावरच्या सुताकडे गेली.

त्यानं वायर अशी हिसडली की प्लगसकट भिंतीतलं सॉकेटही बाहेर आलं. चाकं थांबली. मग त्यानं फीत मागं घेतली, उजव्या मशीनवर चढवली, प्लग दुसरीकडे खोचला. बोटं एकदाही चुकली नाहीत. फितीवर तोच बोलत होता, ऐक हं, पोरी. चनबसप्पा हसत होता. पूनम आईला विचारत होती. आणि त्याच्यापुढे बाळाचं रडणं जसंच्या तसं, लांबलचक, एकोसकट. केराबाईचं वाक्य अगदी सुरुवातीला होतं.

चनबसप्पानं न विचारता तीन कप भरले, टेबलाच्या कडेला ठेवले आणि किटली घेऊन चपला न घालताच जिना उतरला. चपला हातात होत्या.

पूनमनं मोबाईल बंद केला. "तुम्ही ऐकलं होतंत ना, आण्णा?"

"व्हय."

"काय म्हणाली?"

"हळू बोला म्हनली. पोरगी आत्ता कुटं डोळा लावतिया."

"पोरगी म्हणजे मी?"

"दुसरी कोण असणार?"

तिनं उजव्या मशीनवरच्या चाकावर बोट टेकवलं. मग म्हणाली, "कसं म्हणाली? म्हणून दाखवा ना."

त्यानं करून बघितलं. म्हाताऱ्या पुरुषाचा घोगरा आवाज, बाईचं वाक्य. दोघांनाही ते ऐकवेना.

"बारीक होता आवाज? की भरदार?"

एका 'हॅलो'वरून समोरच्याला सर्दी झाली आहे हे ओळखणारा माणूस. त्यानं कानावर तळहात दाबला. "दोन दिसामागं ऐकलाय म्या," तो म्हणाला. "कानात हुता की. आता आठवाय गेलो की मदी तूच बोलतिया."

"मग मीच म्हणते," पूनम म्हणाली. "सारखं आहे का तेवढं सांगा." आणि तिनं म्हटलं, अगदी जपून, "अवो, हळू बोला. पोरगी आत्ता कुटं डोळा लावतिया."

बिरुदेवनं डोळे मिटून घेतले. "जरा सावकाश."

तिनं सावकाश म्हटलं.

"पोरगीवर जरा हसल्यावानी."

तिनं तसं म्हटलं.

"आनिक एकदा."

"अवो, हळू बोला—"

"बास," तो एकदम म्हणाला आणि तिचा हात घट्ट धरला. "नगं म्हणू, पोरी. आता सगळं तुजंच ऐकू यायलंय."