ठिपक्यांचा लसूणघास

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी छबुबाईची कूस उजवली नव्हती. त्यामुळे घरात काहीही बिनसलं की बोट तिच्याकडेच वळायचं. नवरा धुळाजी धनगर. पाटोद्याजवळच्या वस्तीवर त्यांचा मेंढ्यांचा कळप होता.

दिवस निजामाच्या अमलाचे. विठ्ठलराव देशमुखांनी घोड्यांसाठी मळ्यात लसूणघास लावला होता. एका साली त्याच्या पानांवर तांबूस ठिपके पडले आणि घोडे तोंड लावीनात. देशमुखांनी तो घास धुळाजीच्या मेंढ्यांना मोकळा करून दिला. मेंढ्या महिनाभरात अंगानं भरल्या. धुळाजीला आभाळ ठेंगणं झालं.

पण त्या साली मेंढ्या गाभण राहीनात. त्याहून विपरीत म्हणजे एकदाही न व्यायलेल्या कोवळ्या मेंढ्यांच्या कासा सुटल्या. छबुबाईनं एकीची पिळून पाहिली, तर बोटांवर दूध आलं. सासू जानकीबाईनं ते पाहिलं आणि वांझेचा हात लागल्यावर दुसरं काय होणार, म्हणून वस्तीभर सांगत सुटली. बायका छबुबाईच्या सावलीपासून लेकरं दूर ओढू लागल्या.

छबुबाईनं तोंड मिटलं, डोळे मिटले नाहीत. पाच मेंढ्या लंगडत होत्या म्हणून मळ्यात नेल्या नव्हत्या. त्या वस्तीजवळच्या माळावरच चरायच्या. पाचही गाभण होत्या. तिनं धुळाजीला एकटं गाठलं.

"त्या घासातच काय तरी हाय," ती म्हणाली. "त्यो पोटात गेला की मेंढीच्या अंगाला वाटतं, आपण गाभणच हाव. म्हनून दूध उतरतं. अंगच असं फसल्यावर खरा गर्भ कशापायी धरंल?"

"तुला लई कळतंय," एवढंच तो बोलला.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं कळप मळ्यातून काढून डोंगरावर चरायला घातला. आणि त्याच महिन्यात मंजुळेला दुसरी बायको करून आणली.

पाच-सहा महिन्यांनी कोकरांनी अंगण भरलं. जानकीबाईनं मंजुळेची ओटी भरली. सुनेचा पायगुण म्हणून साऱ्या वस्तीला जेवण घातलं. धुळाजी पंगतीत खाली मान घालून जेवला. छबुबाई वाढत होती. भाकरी घेऊन ती त्याच्यापुढे जरा जास्तच थांबली. त्यानं हातानंच पुरे म्हणून खुणावलं.

पुढे तिला मेंढ्यांची कितीतरी दुखणी सगळ्यांच्या आधी कळली. पण तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.