झाउबर म्हणजे लाल रंग

हिंगोलीचे शामराव खिल्लारे सव्वीस वर्षं बहारीनला, सित्रामधल्या एका रंगाच्या गोदामात स्टोअरकीपर आहेत. कुणी गंडेदोऱ्यांचा विषय काढला, तर ते जेवणावरून उठतात. अशा माणसाला जादूवर अर्ज लिहावा लागला.

झालं असं. जर्मनीहून गंज रोखणाऱ्या लाल रंगाचे चाळीस डबे आले. डब्यांवर नाव होतं ‘झाउबर’. हिद्द बंदरात माल सोडवणाऱ्या एजंटच्या कचेरीतल्या जैनुद्दीनने तो शब्द मोबाइलवर पाहिला. अर्थ आला, जादू. त्याने शामरावांना बोलावलं.

“जादूचं सामान सोडता येत नाही, शामरावभाई.”

“रंग आहे हो. उघडून बघा.”

“रंग दिसेलच. पण कागदावर जादू आहे ना.”

शामराव तीन दिवस मुलीच्या कॉम्प्युटरवर शब्दकोश चाळत बसले. बायको, अंजना, ताट तिथेच आणून देई. ‘झाउबर’चा जुन्या इंग्रजीतला भाऊबंद निघाला ‘तेआफोर’, म्हणजे लाल रंग, गेरू. उत्तर युरोपात दगडावर कोरलेल्या जुन्या रून अक्षरांत लाल रंग भरत, त्यावरून शब्द जादूकडे सरकला असावा, असं काही अभ्यासक म्हणतात. तिकडच्याच जुन्या नॉर्स भाषेत मंत्राला ‘गाल्डर’. तो आला गाण्याच्या, आरवण्याच्या धातूवरून.

“म्हणजे आधी कोंबडा, मग मंत्र,” शामराव अंजनाला म्हणाले. इतके खुशीत ते कित्येक वर्षांत नव्हते.

हे सगळं लिहिलेला अर्ज जैनुद्दीनने दोनदा वाचला. “म्हणजे या डब्यांत मूळची, अस्सल जादू आहे?”

शामरावांनी अर्ज परत ओढून घेतला.

“असं करा, ‘मालात जादू नाही’ एवढं लिहून द्या. खलास.”

“ते लिहिणार नाही. मालात नाही म्हटलं, की दुसरीकडे कुठेतरी आहे असं होतं. लिहितो, जादू कुठेच नाही.”

“कुठेच नाही, हे आमच्या कचेरीच्या अखत्यारीत येत नाही. हद्द घाला.”

दोन तास आणि चार चहा गेले. अखेर शामरावांनी लिहिलं, ‘हिद्दपासून हिंगोलीपर्यंत जादू नाही.’ त्यावर जैनुद्दीनने शिक्का मारला आणि डबे सुटले.

त्या कागदाची प्रत अंजनाने फ्रेम करून हॉलमध्ये लावली. मागच्या शुक्रवारी जिदहफ्सला राहणाऱ्या तिच्या ओळखीच्या मथुराबाई, घरावर करणी झालीय म्हणणाऱ्या सासूला दाखवायला म्हणून, तिची झेरॉक्स घेऊन गेल्या.