कचरूचा तिसरा पुकारा

भिंतीला कान असतात म्हणतात. खरं तर कान असतात ते भिंतीपलीकडं भाकरी थापणाऱ्या बाईला. म्हणून तर खरातांच्या घरातलं बावीस वर्षांपूर्वीचं भांडण अख्ख्या गल्लीला अजून तोंडपाठ आहे.

त्या दिवशी म्हातारे आसाराम खरात गेले होते. थोरला लेक कचरू अंबडच्या कोर्टात शिपाई. निरोप त्याला दुपारीच पोचला होता, पण हातातला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, संपल्याशिवाय तो जागचा हलला नाही. एसटीतून उतरला तेव्हा सरण पेटलं होतं. मडकं धाकट्या मच्छिंद्रानं धरलं होतं.

"थोरल्याचा मान खाल्लास," कचरू घरी येऊन म्हणाला.

"दिवस मावळाया आल्ता. बापाला काय तुझी वाट बघत ठिवायचं व्हतं?" मच्छिंद्र म्हणाला. "जा, लोकायच्या नावानं बोंबलत बस. बापापरीस तुला लोकायची नावं मोठी."

"मंग आइक. आजपासून तुझं नाव माझ्या तोंडात यायचं न्हाई."

"नको येऊ. त्या तोंडानं कोणाचं भलं झालंय."

घराच्या मधोमध भिंत उभी राहिली, आणि मच्छिंद्राचा 'पलीकडचा' झाला. पलीकडच्याची शेळी, पलीकडच्याचा बोअर. पलीकडच्याच्या लेकीची लग्नपत्रिका आली तर कचरूनं ती सुनेकडून वाचून घेतली, एक नाव गाळून.

कचरूचं काम तसं एका ओळीचं. व्हरांड्यात यायचं आणि पुकारायचं, अमका अमका हाजीर हो. तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कुणी ओ दिली नाही, तर खटला निघून जातो, म्हणजे काढूनच टाकतात, आणि वर्षानुवर्षांच्या खेपा मातीत जातात. म्हणून कचरूचे दोन रिवाज होते. आदल्या संध्याकाळी उद्याचा बोर्ड फळ्यावर लावला, की त्यातलं एकेक नाव पुटपुटून बघायचं, कारण आईबापानं हौसेनं ठेवलेलं नाव आपल्या तोंडात मोडू नये. आणि कुणी कानानं अधू असलं, तर तिसऱ्या पुकाऱ्याला व्हरांड्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत उतरायचं.

निवृत्तीला दोन दिवस राहिले, त्या रविवारी लेक पप्पू जालन्याहून आला. त्यानं दुपारी टीव्हीला मोबाइल जोडला.

"आबा, कोर्टाचा पिच्चर हाय. तुमच्यासाठी लावला."

"कोणत्या कोर्टाचा?"

"मी मोबाइलवर एक खेळ खेळतो ना, त्याच्यावरून काढलाय."

कचरूनं चष्मा चढवला, तो तपासणीला आलेल्या साहेबासारखा.

वकिलानं मूठ आपटली तर टेबलाचे दोन तुकडे झाले. जज्ज दचकून जागा झाला आणि त्यानं हातोडा हाणला तो स्वतःच्याच चहाच्या कपावर. कचरूची बायको दुर्गाबाई पदरात तोंड घालून हसली.

"चौतीस वर्षांत साहेबाच्या हातात हातोडा पाह्यला न्हाई," कचरू म्हणाला. "सुताराला बसवलं काय खुर्चीवर?"

मग साक्षीला शेळी आली. चोर तिनं पाहिला होता म्हणे. वकील प्रश्न विचारत राहिला आणि शेळी पुराव्याचे कागद खात राहिली. सून वंदनाला हसून हसून ठसका लागला.

"समन्स कोणाला दिलं? शेपटाला बांधलं?" कचरूनं विचारलं.

"आबा, गंमत हाय ती."

"आन् याच्यात हारलं तर काय होतं?" दुर्गाबाईनं विचारलं.

"खेळात हारलं की परत पहिल्यापासून."

"एवढं मातर बराबर दाखवलं," कचरू म्हणाला.

शेवटी वकिलानं खऱ्या चोराकडं बोट रोखलं आणि ऐन वेळी चोराचं नावच त्याच्या डोक्यातून गेलं. बोट तसंच. सगळं कोर्ट तसंच. एक माशी आली आणि बोटावर बसली. इथं मात्र कचरू हसला, चांगला दाढा दिसेपर्यंत. मग एकदम थांबला.

"पर याच्यात पुकारा कुठंय? शेळी आली, चोर आला, जो तो आपापला आत घुसून राह्यला. नाव कोण घेतंय?"

"लागत न्हाई आबा. खेळात बटन दाबलं की साक्षीदार येतो."

तेवढ्यात भिंतीपलीकडून मच्छिंद्राचा आवाज आला. बोलत होता बायकोशी, पण गल्लीला ऐकू जाईल असा. "ऐकलं का मालनबाई, बटन दाबलं की साक्षीदार येतो. म्हंजी शिपायाबिगर कोर्ट चालतं. चौतीस वर्षं फुकटचा पगार."

"बंद कर ते," कचरू पप्पूला म्हणाला. मग भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "पलीकडच्याला म्हणा, मंगळवारी आमचंच बटन हाय."

मंगळवारी महिनाअखेर. कचरूचा नोकरीचा शेवटचा दिवस, आणि त्याच दिवशी मच्छिंद्राची साक्ष. शेतशेजाऱ्यानं मच्छिंद्राच्या शेताचा रस्ता नांगरून टाकला होता, त्याचा खटला नऊ वर्षं चालला होता. तो निघून गेला तर गाडी शेतात जायची कायमची बंद, कापूस डोक्यावर वाहायचा. मच्छिंद्राचा डावा कान गेलेला. त्यात भावाचं तोंड दिसू नये म्हणून तारखेला तो फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर कोर्टाकडं पाठ करून बसायचा. आजवर आत वकीलच उभा राहायचा, म्हणून त्याचं नाव पुकारायची वेळ आली नव्हती; साक्षीला मात्र पुकारा लागणार होता. आवाज जरासा दाबला, की काम झालं.

दुर्गाबाईलाही ते कळत होतं. वाढताना तिनं विचारलं, "हळू पुकारणार काय?"

"भाजी वाढ."

"मी काय इचारलं?"

"मी काय सांगितलं?"

सोमवारी संध्याकाळी कचरूनं बोर्ड लावला आणि नावं पुटपुटला. दहाव्यानंतर ओठ मिटले. पुढं एकदम बारावं घेतलं.

मंगळवारी आतून कारकून म्हणाला, "अकरा नंबर." मच्छिंद्राचा वकील वरच्या मजल्यावर दुसऱ्या खटल्यात अडकला होता. कचरू व्हरांड्यात आला. हात वर केला, तोंड उघडलं, आणि काही आलंच नाही. हात तसाच.

"कचरूभाऊची बॅटरी उतरली," खांबाला टेकलेला एकजण म्हणाला. बाकावरची माणसं हसली.

कचरूला ते बोट आठवलं आणि त्यावरची माशी. रविवारी आपणही असंच हसलो होतो.

"मच्छिंद्र खरात हाजीर हो."

बावीस वर्षं न उघडलेली कडी निघावी तसं नाव निघालं. पायऱ्यांपर्यंत गेलं आणि तिथंच पडलं. टपरीवरची पाठ हलली नाही. कचरूनं हातातल्या यादीकडं पाहिलं. तिथं नाव पुरं लिहिलेलं होतं, आणि चौतीस वर्षांत त्यानं कुणाचं नाव अर्धं घेतलं नव्हतं.

"मच्छिंद्र आसाराम खरात हाजीर हो."

मधे बापाचं नाव आलं, आणि ते दबक्या आवाजात घ्यायची कचरूला सवय नव्हती. हा पुकारा फाटकापर्यंत गेला. पाठ तरी हलली नाही.

आता तिसरा पुकारा जागेवरून केला असता, तरी कुणी बोट ठेवलं नसतं. व्हरांड्यातूनच पुकारायचं असतं. कचरू पायऱ्या उतरला, एक, दोन, शेवटची, आणि छाती भरून त्यानं त्याच पुऱ्या नावाचा तिसरा पुकारा केला. चहावाल्याच्या हातातली गाळणी थांबली. मच्छिंद्र उठला, अर्धा चहा धोतरावर सांडला, आणि पळत आला.

भावाजवळून जाताना त्यानं मान वळवली नाही. "बहिरा न्हाई मी. गावजेवणाचं आवतन हाय काय एवढं वरडायला?"

"इथं बोलायचं न्हाई. जे बोलायचं ते आत," कचरू म्हणाला. सगळ्यांना तो हेच म्हणायचा.

साक्ष झाली. खटला वाचला. मच्छिंद्र बाहेर आला तो दुसऱ्या दारानं.

सायंकाळी साहेबांनी कचरूला शाल आणि नारळ दिला, कारकुनांनी टाळ्या वाजवल्या. गाडीला अर्धा तास होता. कचरूनं नारळ काखेत धरला, फळ्यावरून आजचा बोर्ड उतरवला, उद्याचा लावला. मग चष्मा चढवून नावं पुटपुटत एकेक ओळ खाली गेला. तेवीस नावं होती. सतराव्याला जीभ अडखळली, म्हणून ते त्यानं पुन्हा एकदा घेतलं.